लांतापानला जायचं तर

फिलिपिन्सला जाणारी आपली माणसं बहुतेक समुद्रकिनारे बघून परततात. शेतात रमणारे असाल तर दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावर बुकिद्नोन प्रांत आहे, त्यातलं लांतापान गाठा. मी नवी मुंबईत तुर्भ्याच्या भाजी मार्केटात गाळ्यावर हिशेब लिहिते, त्यामुळे माझं लक्ष आधी कोबी-बटाट्याकडे गेलं. पण तिथे माल बघायचा तर आधी माणसं समजून घ्यावी लागतात.

गाव किटांगलाड डोंगररांगेच्या उतारावर आहे. याच रांगेतलं दुलांग-दुलांग, २,९३८ मीटर, हे देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं उंच शिखर. इथले मूळ रहिवासी तलाआंदिग. नंतर विसाया बेटांवरून मका करणारे शेतकरी आले. दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तरेच्या लुझोन बेटावरच्या डोंगरांतून इगोरोत आले आणि विक्रीसाठी भाजी करण्याची रीत त्यांनी आणली. १९९० च्या दशकाअखेरीस कंपन्यांचे केळीचे मळे उभे राहिले. कोपरखैरण्यात राहणाऱ्याला हे लगेच उमगेल: गावठाणातले आगरी-कोळी, साताऱ्याकडून आलेले माथाडी, मग सिडकोच्या इमारतींत आलेले आपण बाकीचे. जमिनीचा विषय तिथेही तितकाच नाजूक आहे. म्हणून भेटल्या भेटल्या ‘ही जमीन तुमचीच का?’ असं विचारू नका. ‘हे पीक तुमच्या घरात कोणी सुरू केलं?’ एवढं विचारा. आजोबा कुठून आले इथपर्यंत सगळं आपोआप निघतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. जून २०२५ पासून भारतीयांना पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. ही मुदत वाढवून मिळत नाही. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा, परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि खर्चापुरत्या पैशांचा पुरावा जवळ ठेवा. निघण्याआधीच्या ७२ तासांत ई-ट्रॅव्हलची, म्हणजे फिलिपिन्स सरकारची ऑनलाइन प्रवासी नोंदणी करायची, ती फुकट असते. कुठे पैसे मागितले तर ती साइट खरी नाही. मिंदानाओच्या काही भागांत अशांतता राहिलेली आहे, त्यामुळे तिकीट काढण्याआधी मनिलातल्या भारतीय दूतावासाच्या सूचना वाचा आणि बेटावरचा प्रवास दिवसाउजेडीच करा.

मुंबईहून सिंगापूर किंवा बँकॉकमार्गे मनिला, तिथून दुसरं विमान कागायान दे ओरोला. मनिलात टर्मिनल बदलावं लागू शकतं आणि रस्त्यावर ट्रॅफिक असतो, तेव्हा मध्ये भरपूर वेळ ठेवा. कागायानच्या आगोरा स्टँडवरून मलायबलायकडची, म्हणजे बुकिद्नोनच्या मुख्य शहराकडची बस घ्या. वाटेत मानोलो फोर्तिचला अननसाचे मळे लागतात, नजर पोचेल तिथपर्यंत. मलायबलायला मुक्काम करा. तिथून थोडं दक्षिणेला आग्लायानचा फाटा आहे, लांतापानची गाडी तिथे मिळते. पुढच्या आडवाटांना हाबाल-हाबाल, म्हणजे भाड्याची मोटरसायकल. भाडं बसण्याआधी ठरवा. स्वेटर न्याच, रात्री गारठा असतो. आपली गोल पिन तिथल्या चपट्या सॉकेटात जात नाही, अडॅप्टर घ्या.

आगोऱ्याला नुसती बस पकडून निघू नका. शेजारीच भाजीचा घाऊक बाजार आहे आणि डोंगरावरची भाजी तिथे उतरते. पहाटे जा, हमालांच्या वाटेत उभं राहू नका, फोटो विचारून काढा. शेतात जाण्याआधी हा बाजार बघितला की शेतकरी कसल्या घाईत असतो ते कळतं.

गावात पोचल्यावर आधी बारांगाय हॉलमध्ये, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीत, नाव सांगा. सोंग्को हा तलाआंदिगांचा भाग. तिथे दातूंना, म्हणजे प्रमुखांना, भेटल्याशिवाय फिरू नये. वडिलोपार्जित भूमीवरचा त्यांचा हक्क १९९७ च्या कायद्याने मान्य केलेला आहे, आणि कायदा नसता तरी विचारूनच आत जावं. येऊरच्या आदिवासी पाड्यांवर शनिवार-रविवारी पार्ट्यांचा जो गोंगाट चालतो तो ठाणेकरांनी पाहिलेला आहे, तसं तिथे करू नका. डोंगर चढायचा असेल तर परवाना लागतो आणि आधी विधी होतो, त्यात कोंबडी कापतात. ते बघवणार नसेल तर चढाईचा बेत करू नका. मध्येच तोंड फिरवून उभं राहणं वाईट दिसतं. सोंग्कोतले चित्रकार तिथल्याच रंगीबेरंगी मातीने चित्रं काढतात, घ्यायचं तर त्यांच्याकडूनच घ्या.

शेतावर सकाळी लवकर जा. मी गेले तेव्हा कोबीची काढणी चालू होती. एक बाई प्रत्येक गड्ड्याला बाहेरची तीन-चार हिरवी पानं ठेवून विळा मारत होती. आमच्याकडे येणारा कोबीही असाच असतो: ट्रकात गड्डा गड्ड्यावर घासतो, मार बाहेरचं पान खातं, आतला माल शाबूत राहतो. मी हाताने तसं करून दाखवलं तशी ती हसली आणि मग बोलणं सुरू झालं: भाव काय फुटला, गाडी कधी येणार, पैसे हातात कधी पडणार. बी-खताला व्यापारी पैसे देतो आणि माल त्यालाच घालावा लागतो, हे ऐकून मला आमच्याकडची उचल आठवली. असे प्रश्न तुम्हीही विचारा, फक्त कर्जाचा आकडा विचारू नका. केळीच्या मळ्यात परवानगीशिवाय शिरू नका, तिथे फवारणी चालते.

इंग्रजी बऱ्याच जणांना येतं, पण ‘मायोंग बुन्ताग’ म्हणून सकाळचा नमस्कार केला की चेहरे खुलतात. शाकाहारी मंडळींनी ‘वालाय कार्ने, वालाय इस्दा, वालाय गिनामोस’ पाठच करावं: मांस नको, मासे नकोत, आंबवलेल्या मासळीची चटणीही नको. ही चटणी पालेभाजीतसुद्धा पडते, म्हणून तिसरं वाक्य सर्वात महत्त्वाचं. मक्याच्या कण्यांचा भात, उकडलेली रताळी, साबा केळी यांवर पोट छान भरतं. सोबत मेतकूट न्या. यजमानांसाठी सीलबंद चिक्की न्या. कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही आणि चपला दाराबाहेर काढायच्या.

येताना बुकिद्नोनची भाजलेली कॉफी आणा. बी-बियाणं किंवा रोप मात्र कोणी प्रेमाने दिलं तरी आणू नका. वनस्पती संगरोधाच्या परवान्याशिवाय ते विमानतळावरच काढून घेतात. तसंच इथून जाताना फळं आणि ताजी भाजीही नेऊ नका.