मल्टीमीडिया प्रोजेक्ट करताय? लॅपटॉप उघडायच्या आधी स्टोरीबोर्ड आणि मॉकअप कसे करायचे

प्रोजेक्टचा विषय मिळाला की ग्रुपमधला एक जण लगेच टेम्प्लेट शोधायला लागतो, दुसरा बॅकग्राउंड म्युझिक निवडत बसतो, तिसरा गूगलवरून फोटो गोळा करतो, आणि सबमिशन तोंडावर आलं की कळतं व्हिडिओ भलताच लांबलाय, एकच भाग दोघांनी केलाय आणि शेवट कोणीच केलेला नाही. मेहनत सगळ्यांनी केलेली असते हो, पण काय करायचंय हे प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं असतं. कागदावर काढलं की ते वेगळेपण लगेच दिसतं, आणि कागदावर खोडायला दोन सेकंद लागतात पण एडिट केलेला व्हिडिओ बदलायला अख्खी संध्याकाळ जाते. म्हणून हे प्लॅनिंग मनापासून करा, फक्त फाइलला जोडायला म्हणून नको.

दोन शब्द आधी क्लिअर करू. स्टोरीबोर्ड म्हणजे वेळेनुसार काय काय दिसणार आणि ऐकू येणार त्याची चित्रांची रांग, व्हिडिओ किंवा अ‍ॅनिमेशनसाठी. मॉकअप म्हणजे एका स्क्रीनवर कुठे काय असेल त्याचा नमुना, वेबपेज, अ‍ॅप, क्विझ, पोस्टर अशा गोष्टींसाठी. प्रोजेक्टमध्ये दोन्ही असेल तर दोन्ही करायचे.

एक उदाहरण शेवटपर्यंत वापरू: "दर पौर्णिमेला चंद्रग्रहण का होत नाही?" यावर 3 मिनिटांचा व्हिडिओ आणि सोबत एक पेज, ज्यात बघणारा चंद्र स्वतः फिरवून बघेल.

1. एका वाक्यात उत्तर लिहा

बघून झाल्यावर बघणाऱ्याला काय कळलेलं असेल ते एका वाक्यात लिहा. "चंद्रग्रहणाबद्दल माहिती" हे वाक्य नाही, तो विषय झाला. "चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला साधारण 5 अंशांनी कललेली आहे, म्हणून बहुतेक पौर्णिमांना चंद्र पृथ्वीच्या सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो" हे वाक्य. ते कागदाच्या वरच लिहून ठेवा, पुढे कुठलंही चित्र ठेवायचं की काढायचं यावर भांडण झालं तर ते या वाक्याला मदत करतं का एवढंच विचारायचं. ग्रहणात चंद्र तांबूस का दिसतो हा भाग मस्त आहे पण या वाक्याला त्याची गरज नाही, सो बाहेर.

2. स्क्रिप्ट लिहा आणि मोठ्याने वाचा

बोलायचं ते बोलल्यासारखंच लिहा आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचा, मनात वाचलं तर वेळ हमखास कमी येतो. 3 मिनिटं म्हणजे 180 सेकंद, त्यात सुरुवातीचं नाव, शेवटची श्रेयनामावली आणि मधे श्वास घ्यायला थोडी शांतता धरा, मग बोलणं अडीच मिनिटांत बसायला हवं. बसत नसेल तर भरभर वाचायचं नाही, वाक्यं कापायची.

3. स्टोरीबोर्ड

चित्रकला येत नाही म्हणून बरेच जण इथेच थांबतात, पण काड्यांची माणसं आणि गोल-चौकोन एवढंच लागतं. कागदावर चौकटी आखा, आडवा व्हिडिओ असेल तर 16:9 च्या (रुंदी 16 तर उंची 9) आकाराच्या, मोबाईलसाठी उभा असेल तर 9:16 च्या. हे आधीच ठरवा कारण आडव्यासाठी आखलेलं चित्र उभ्यात बसत नाही, कडेचं सगळं कापलं जातं. एक चित्र सरासरी 6 सेकंद धरलं तर 180 सेकंदांना 30 चौकटी होतात, या आकड्यावरूनच ग्रुपला कामाचा अंदाज येतो. शक्यतो प्रत्येक चौकट वेगळ्या चिकट चिठ्ठीवर काढा म्हणजे क्रम बदलता येतो.

प्रत्येक चौकटीखाली हे हवंच: नंबर, किती सेकंद, त्या वेळी कोणतं वाक्य ऐकू येतंय, म्युझिक किंवा इतर आवाज, स्क्रीनवर कोणते शब्द, आणि हे कोण बनवणार. आवाजाची ओळ सगळ्यात जास्त वेळा राहून जाते आणि मग एडिटिंगच्या वेळी चित्र संपतं तरी बोलणं चालूच राहतं. हालचाल बाणाने दाखवा, वस्तू हलत असेल तर बाण चौकटीच्या आत, कॅमेरा हलत असेल तर बाहेर, ही खूण सगळ्यांनी सारखी पाळली की नंतर गोंधळ होत नाही. शूटिंग असेल तर लाँग शॉट (लांबून), मिड शॉट (मध्यम अंतरावरून) की क्लोजअप (अगदी जवळून) तेही लिहा.

आता आपलं उदाहरण घ्या, कारण स्टोरीबोर्डचा खरा फायदा इथे दिसतो. बहुतेकांच्या डोक्यात पहिलं चित्र वरून बघितल्याचं येतं, मधे पृथ्वी, भोवती गोल कक्षा, एका बाजूला सूर्य. हे कागदावर काढलं की कळतं की या चित्रात चंद्र दर महिन्याला सावलीत शिरतोच, म्हणजे आपलं चित्र आपल्याच उत्तराच्या विरुद्ध बोलतंय! कल दाखवायचा तर बाजूने बघितलेलं चित्र हवं. बरं, बाजूने काढलं तर 5 अंशांचा कल इतका बारीक की छोट्या स्क्रीनवर जाणवणारच नाही, म्हणून तो वाढवून काढायचा आणि तसं स्क्रीनवर लिहायचं. अंतराचंही तेच, पृथ्वी 1 सेंटीमीटर काढली तर चंद्र साधारण 30 सेंटीमीटर लांब हवा, म्हणजे ए4 कागदाच्या बाहेरच गेला. मग "आकार आणि अंतर प्रमाणात नाही" ही ओळ कोणत्या चौकटीत येणार तेही इथेच ठरतं. एवढं सगळं एका पेन्सिलने कळलं, अ‍ॅनिमेशन अजून सुरूही केलेलं नाही.

आणखी एक, निवेदक बोलतोय तेच अख्खं वाक्य स्क्रीनवर टाकू नका. मल्टीमीडियातून माणूस कसा शिकतो यावर रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने बरंच काम केलंय, त्यात हेच दिसलं की चित्र आणि निवेदन असताना तोच मजकूर परत लिहिला की शिकायला मदत होण्याऐवजी अडथळाच जास्त होतो. स्क्रीनवर एखाद-दुसरा महत्त्वाचा शब्द पुरतो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी सबटायटल्स मात्र जरूर द्या, पण ती चालू-बंद करता येतील अशी, आणि त्यांच्यासाठी चौकटीत खाली जागा रिकामी सोडा.

4. मॉकअप

पेजसाठी आधी साधा कच्चा आराखडा काढा. मोबाईलवर बघणार असतील तर मोबाईलएवढाच चौकोन आखा, मोठ्या कागदावर काढलं की सगळं मावल्यासारखं वाटतं आणि मग खऱ्या स्क्रीनवर बटणांची खिचडी होते. फोटोच्या जागी फुली मारलेला चौकोन, बटणाच्या जागी पट्टी. पण बटणावरचे आणि हेडिंगचे शब्द खरेखुरे लिहा, नुसत्या रेघोट्या नको, कारण लोक अडकतात ते बहुतेक शब्दांपाशी. "पुढे" लिहिलंय पण पुढे म्हणजे पुढचं पेज की पुढचा दिवस?

आपल्या पेजवर वर चित्र, खाली चंद्र सरकवायची पट्टी, त्याखाली "ग्रहण होईल / होणार नाही" असं उत्तर. पट्टीच्या प्रत्येक महत्त्वाच्या जागेसाठी वेगळा कागद काढा: चंद्र सावलीच्या वर, सावलीत, सावलीच्या खाली. पेजं एकाहून जास्त असतील तर कुठून कुठे जाता येतं त्याचे बाण काढा, आणि ज्या पेजवरून परतीचा बाणच नाही ते पेज लगेच सापडेल.

मग टेस्ट. ग्रुपबाहेरच्या एकाला कागद द्या, तो बोटाने "दाबेल" आणि तुमच्यातला एक जण कॉम्प्युटर बनून पुढचा कागद ठेवेल. समजावून सांगायचं नाही, कितीही जिवावर आलं तरी गप्प बसायचं, आणि बोट कुठे थबकतं ते लिहून ठेवायचं. दोन-तीन जणांत सुद्धा मोठ्या अडचणी बाहेर येतात.

हे झालं की मगच गूगल स्लाइड्स, पॉवरपॉइंट, फिग्मा जे येत असेल त्यात रंग-फॉन्टसकट पक्का मॉकअप. रंग निवडताना अक्षर आणि बॅकग्राउंड यांच्यातला कॉन्ट्रास्ट साध्या मजकुराला किमान 4.5:1 हवा असं वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीचे (म्हणजे कमी दिसणाऱ्यांसकट सगळ्यांना वेबपेज वापरता यावं यासाठीचे) नियम सांगतात, तो तपासायची फ्री टूल्स ऑनलाइन आहेत.

5. फाइल्सची यादी

स्टोरीबोर्डवरून यादी काढा: कोणता फोटो, कोणता आवाज, कुठून घेतला, वापरायची परवानगी काय. इंटरनेटवर दिसलं म्हणजे फुकट असं नसतं. क्रिएटिव्ह कॉमन्स (निर्मात्याने आपलं काम इतरांना वापरायला आधीच दिलेली परवानगी) मध्येही फरक आहे, बीवाय (BY) असेल तर नाव द्यायचं, एनडी (ND) असेल तर बदल करून तो पुढे शेअर करता येत नाही, म्हणजे फोटोवर बाण काढून ऑनलाइन टाकायचा असेल तर तो बादच. नासाचे बहुतेक फोटो शैक्षणिक कामाला वापरता येतात, पण श्रेय द्या. ही यादी आत्ताच भरली तर शेवटची श्रेयनामावली आयती तयार.

6. कागदाचाच व्हिडिओ करून बघा

चौकटींचे मोबाईलवर फोटो काढा, कुठल्याही एडिटिंग अ‍ॅपमध्ये लावा आणि खाली साध्या आवाजात स्क्रिप्ट वाचून टाका. याला अ‍ॅनिमॅटिक म्हणतात, आणि फोटो तयार असतील तर तास-दीड तासात होतं. कुठे कंटाळा येतो, कुठे चित्र समजायच्या आत निघून जातं हे इथे स्पष्ट कळतं. ग्रुपबाहेरच्याला दाखवा आणि विचारा, "काय कळलं?" त्याचं उत्तर पहिल्या स्टेपमधल्या वाक्याच्या जवळ आलं तर खुशाल सॉफ्टवेअर उघडा. नाही आलं तर कुठल्या चौकटीपाशी तो सुटला ते त्यालाच विचारा आणि तेवढ्याच चौकटी परत काढा.

शिक्षकांना एक विनंती: स्टोरीबोर्डला वेगळे मार्क द्या आणि तो प्रोजेक्टच्या मध्यावर बघा, शेवटी नको. शेवटी मागितला तर मुलं तयार व्हिडिओ बघून चौकटी काढतात, आणि चुका सुधारायची वेळ तोवर निघून गेलेली असते.