परिवीक्षा काळ: रुजू झाल्या दिवसापासून एक फाइल

विद्यापीठात सहायक प्राध्यापक म्हणून नव्याने रुजू झाला असाल, तर नेमणुकीच्या आदेशातली परिवीक्षेची (प्रोबेशनची, म्हणजे कायम होण्याआधी काम पारखण्याच्या काळाची) ओळ आधी वाचा आणि संपण्याची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत परिवीक्षा किमान एक वर्षाची आहे. काम असमाधानकारक वाटलं तर ती जास्तीत जास्त आणखी एक वर्ष वाढवता येते, पण तसा स्वतंत्र आदेश पहिलं वर्ष संपण्याआधी निघायला हवा. मुदत संपल्यावर, कामाची रीतसर पडताळणी करून, 45 दिवसांत कायम केल्याचा आदेश देणं संस्थेवर बंधनकारक आहे.

हे आपोआप होईल असं धरून बसू नका. मी अनेकांना वर्ष उलटल्यावर जुनी कागदपत्रं शोधताना पाहिलं आहे, आणि वाईट वाटतं. रुजू अहवालाची प्रत, तासांचं वेळापत्रक, परीक्षेच्या कामाचे आदेश, विभागप्रमुखांनी दिलेला अभिप्राय, सगळं एकाच फाइलमध्ये ठेवा. अभिप्राय तोंडी मिळाला असेल तर त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल पाठवून तो नोंदवा. मुदत संपायच्या दोन महिने आधी आस्थापना विभागाकडे (कर्मचाऱ्यांच्या नेमणुका आणि सेवेच्या नोंदी पाहणाऱ्या कार्यालयाकडे) कायम करण्यासाठी अर्ज द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या.

महिन्याभराचा प्राध्यापक प्रवेश प्रशिक्षण वर्गही (नव्या प्राध्यापकांसाठीचा फॅकल्टी इंडक्शन प्रोग्राम) पहिल्याच वर्षी उरका. पुढे पदोन्नतीच्या वेळी त्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि वर्गात कसं शिकवावं याचा सरावही तिथे वेळेवर होतो.