रेसिडेन्सीला अर्ज कसा करायचा, आणि तिकडे जाऊन काय नाही करायचं

जेजे, अभिनवसारख्या आर्ट कॉलेजांतून नुकतीच बाहेर पडलेली पोरं सारखी विचारतात की परदेशातली रेसिडेन्सी, म्हणजे काही आठवडे-महिने दुसरीकडे राहून काम करायची संधी, मिळते कशी, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे पैसे कोण देतंय ते बघा. प्रो हेल्वेशिया या स्विस कला संस्थेच्या दिल्ली ऑफिसमार्फत आपल्याकडचे आर्टिस्ट स्वित्झर्लंडला आणि तिकडचे इकडे येतात, त्यात प्रवास, राहणं, भत्ता मिळतो. ब्रिटनसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट आहे. बाकी ओपन कॉल, म्हणजे कुणीही अर्ज करावा अशी आवाहनं, रेस आर्टिस आणि ट्रान्सआर्टिस्ट्सच्या साइटवर सापडतात, पण नीट वाचा, कारण पुष्कळ ठिकाणी आपणच भाडं भरायचं असतं आणि नाव मात्र रेसिडेन्सी. मी पहिल्यांदा अशाच एका सिलेक्शनवर पेढे वाटले होते, मग इन्व्हॉइस आलं!

पोर्टफोलिओत पंधरा फोटो पुरे. प्रत्येकाखाली नाव, साल, माध्यम, साइज. कॉलेजात मॉडेल बसवून केलेली लाइफ ड्रॉइंग्ज काढून टाका, कितीही जीव असला तरी.

खरी गोची प्रपोजलची, म्हणजे तिथे काय काम करणार ते लिहून देण्याची. आपण लिहितो 'मला तिथली संस्कृती अनुभवायची आहे' आणि ज्युरीला असली शंभर वाक्यं रोज येतात. त्याऐवजी असं काम लिहा जे घरी बसून होणार नाही, म्हणजे तिथला लिथो प्रेस (दगडावरून चित्रं छापायचं यंत्र) हवाय, की एखादं अर्काइव्ह, की तिथल्या एका नदीवरच काम करायचंय. पण शेवटचं चित्र कसं दिसेल ते आधीच लिहून मोकळे होऊ नका, तसं असेल तर जायचं कशाला?

चित्रकार तय्यब मेहतांचं बघा. १९६८ ला रॉकफेलरच्या फंडावर न्यूयॉर्कला गेले, तिकडे अमेरिकन चित्रकार बार्नेट न्यूमनची कामं पाहिली, आणि मेहतांची ती प्रसिद्ध डायगोनल, म्हणजे चित्राला छेदणारी तिरकी रेघ, आली कधी तर परत आल्यावर, १९६९ मध्ये. काम अडलं होतं, वैतागून कॅनव्हासवर काळा फटकारा मारला आणि त्यातून ती सुरू झाली असं सांगतात. पुढे १९८४-८५ ला शांतिनिकेतनला रेसिडेन्सीवर होते, तिथल्या चडक उत्सवातून मोठं ट्रिप्टिक (तीन भागांचं चित्र) आलं (परदेशच लागतो असं काही नाही). त्यामुळे तीन महिन्यांत वीस कॅनव्हास संपवायचा हट्ट धरू नका, बघा, स्केचबुक भरा, शेजारच्या स्टुडिओतल्या लोकांबरोबर जेवण बनवा.

आता व्हिसा, इथे लोक हमखास आपटतात. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, उतरायचा आणि निघायचा दिवस दोन्ही धरून, आणि जुलै ते सप्टेंबर 'तीन महिने' मोजले तर होतात ९२! म्हणजे एकतर तारखा कमी करून घ्या नाहीतर त्या देशाचा लांब मुदतीचा व्हिसा काढा. निमंत्रणपत्रावर राहण्याचा खर्च कोण करणार ते स्पष्ट लिहून मागा. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो.

सामानात टर्पेंटाइन नेऊ नका, विमानात चालतच नाही, तिकडेच घ्या. येताना कॅनव्हास स्ट्रेचरवरून (लाकडी चौकटीवरून) काढून रोल करा, रंगाची बाजू बाहेर ठेवून, मध्ये बटर पेपर. आत ठेवली की रंग दबून सुरकुत्या पडतात, माझं एक चित्र असंच गेलं.

पासपोर्ट, व्हिसा काहीच जमत नसेल तर दिल्लीची खोज ही कलासंस्था बघा, १९९७ पासून देशीविदेशी आर्टिस्ट एकत्र काम करतायत तिथे.

आणि परत आल्यावर गॅलरीवाले विचारतील शो कधी, त्यांना निदान सहा महिने तारीख देऊ नका.