बेदाणा हंगाम : डिपिंग बिघडले की पाणी आतच अडकते

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात बेदाणा वाळवण्याच्या शेडवर द्राक्षांचा माल टाकताना पहिले काम रिफ्रॅक्टोमीटरचे (रसातली साखर मोजणारे उपकरण). थॉमसन, सोनाक्का, माणिक चमन, कोणतीही जात असो, साखर किमान 22 ब्रिक्स (रसातल्या साखरेचे साधारण शेकडा प्रमाण) हवी. 100 किलो द्राक्षांतून 15 टक्के ओलावा असलेला बेदाणा 22 ब्रिक्सला सुमारे 26 किलो निघतो, 18 ला जेमतेम 21. घाईच्या काढणीत हे पाच किलो जातात.

मण्याच्या पेशींभोवतालच्या पडद्यातून पाणी बऱ्यापैकी सहज ये-जा करते. खरी अडचण सालीवरच्या मेणाची. डिपिंग म्हणजे वाळवण्याआधी द्राक्षे द्रावणात बुडवणे; त्यातले डिपिंग ऑइल हे मेण धुऊन काढते असा समज आहे, तो चुकीचा. ते मेणाच्या पापुद्र्यांमध्ये शिरून पाण्याला वाट करून देते. म्हणूनच बुडवलेला माल साध्या पाण्याने धुतला किंवा पावसात भिजला, तर ती वाट पुन्हा बंद होते. असा माल परत डिपिंग केल्याशिवाय वेळेत वाळत नाही.

100 लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल (इथाइल ओलिएट) घ्या. आधी कार्बोनेट पूर्ण विरघळवा, मग ढवळत ढवळत तेलाची बारीक धार सोडा. द्रावण दुधासारखे एकजीव दिसले पाहिजे. वर तेलाचा तवंग आला तर त्यात माल बुडवू नका, घड कुठे जास्त तर कुठे कमी वाळतील. बोअरचे जड पाणी हे याचे नेहमीचे कारण: त्यातल्या कॅल्शियममुळे कार्बोनेटचा साका बसतो. सामू (pH) 11 च्या आसपास हवा, तो पट्टीने तपासा. फुटक्या मण्यांचा आंबट रस मिसळत गेला की सामू उतरतो. म्हणून सडके, फुटके मणी आधीच काढा आणि द्रावण गढूळ झाले की बदला. द्रावण त्वचेला झोंबते, रबरी हातमोजे घाला.

क्रेट 2 ते 4 मिनिटे बुडवा, निथळू द्या आणि घड जाळीवर एकाच थरात पसरा. पुढच्या दिवसांत पुन्हा फवारणी करायची असेल तर द्रावण पहिल्यापेक्षा हलके ठेवा.

हिरवा रंग टिकवणे हा सगळ्यात नाजूक भाग. जिवंत पेशीत रंग काळवंडवणारे विकर (एन्झाइम) एका कप्प्यात आणि फिनॉल (ज्यांच्यापासून तो रंग बनतो ती द्रव्ये) दुसऱ्या कप्प्यात असतात. मणी ठेचला, उन्हाने भाजला किंवा द्रावणात जास्त वेळ राहिला की मधले पडदे फाटतात, दोन्ही एकत्र येतात, त्यात हवा मिळते आणि बेदाणा तपकिरी पडतो. एकदा पडलेला तपकिरी रंग परत हिरवा होत नाही. त्यामुळे क्रेट आपटू नका, शेडवर थेट ऊन येणाऱ्या बाजूला शेडनेट लावा.

साधारण 12 ते 15 दिवसांत माल तयार होतो, पण शेवटचे तीन-चार दिवस रेंगाळतात. आतली साखर घट्ट झाल्यावर ती उरलेले पाणी सोडत नाही, उलट रात्रीच्या दमट हवेतून ओढून घेते. ढगाळ हवामानात संध्याकाळी शेडचे पडदे सोडा, सकाळी ऊन चढताच वर करा. दिवसभर बंद ठेवलेल्या शेडमध्ये बुरशी धरते. मुठीत दाबलेले बेदाणे हात उघडताच सुटे झाले तर माल जाळीवरून झाडून घ्या. चिकटून गोळा राहिला तर आणखी एक दिवस थांबा.