डॅशबोर्डवरचं काट्याचं घड्याळ: कुणाला शोभतं, कसं पारखावं, कसं सांभाळावं

मी घड्याळजी आहे. बुधवार पेठेतलं दुकान वडिलांनी थाटलं तेव्हा टेबलावर एचएमटीची रांग असायची आणि वर्षाकाठी एखादं गाडीचं घड्याळ यायचं. आता मनगटावरचं काम आटलंय. गाडीचं मात्र वाढलंय, कारण जुन्या आलिशान गाड्या हौसेने घेणारे लोक वाढलेत.

गेल्या दिवाळीच्या आधी एक डॉक्टर आले. वापरलेली जर्मन सेदान नुकतीच घेतली होती. म्हणाले, "काका, याच गाडीच्या वरच्या मॉडेलला मधोमध काट्याचं घड्याळ येतं, माझ्या गाडीला नाही. बसवून द्याल?"

मी विचारलं, "तुम्ही पुढे बसता की मागे?"

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. पण हाच पहिला प्रश्न आहे, आणि तुम्हीही स्वतःला तोच आधी विचारा.

घड्याळ कुणाचं?

1995 मध्ये इथेच पुण्यात, टेल्कोच्या (म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात, मर्सिडीजची जुळणी सुरू झाली. त्या डब्ल्यू-124 मॉडेलमध्ये घड्याळ होतं, पण मीटरमध्ये, स्टिअरिंगच्या मागे. म्हणजे ते ड्रायव्हरचं घड्याळ. पुढे 2005 च्या एस-क्लासमध्ये ते डॅशबोर्डच्या मधोमध आलं, आणि तिथून ते मालकाचं झालं. आपल्याकडे साहेब मागे डाव्या बाजूला बसतात. तिथून दोन सीटांच्या फटीतून नजर सरळ जाते ती डॅशबोर्डच्या मध्यावर. स्क्रीनच्या कोपऱ्यातले बारीक आकडे तिथून वाचता येत नाहीत, काट्यांचा कोन मात्र कळतो. अंक न वाचताही 'पावणेदहा' दिसतं. (साहेब घड्याळाकडे बघतायत हे ड्रायव्हरला आरशात दिसतं, आणि पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवर जातो. हे मला एका ड्रायव्हरनेच सांगितलं.)

तेव्हा तुम्ही मागे बसत असाल तर मधल्या घड्याळाला अर्थ आहे. स्वतः चालवत असाल तर ते निव्वळ दागिना आहे. दागिना असायला माझी हरकत नाही, पण मग तो दागिना म्हणूनच पारखायचा.

जागा आहे का बघा

गाडीत बसा, दार लावा, स्क्रीन बंद करा. समोर लाकडाची किंवा धातूची आडवी पट्टी दिसते का? तिच्या मध्यावर हवेच्या दोन जाळ्या आहेत का? असतील तर घड्याळ तिथे बसतं, कारण डोळ्याला तिथे एक गोल हवाच असतो. 2017 मध्ये इथे आलेल्या फोक्सवॅगन पसाटमध्ये जाळ्यांची एकच सलग ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत होती आणि घड्याळ बरोबर मध्यात. शर्टाला बटण असावं तसं. 2019 च्या बदलात त्यांनी युरोपात ते घड्याळ काढून तिथे गाडीचं नाव लिहिलं. गाडीत बसलेल्या माणसाला गाडीचं नाव कशाला सांगायचं, हे मला अजून समजलेलं नाही.

आणि समोर काचेचा सलग पडदाच असेल तर घड्याळाचा हट्ट सोडा. 2020 च्या एस-क्लासने ते सोडलं, ते बरोबरच केलं. मोठ्या उजळ पडद्याशेजारी छोटी तबकडी म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये ठेवलेली समई. विझली तरी कुणाला कळत नाही. मासेराटीने 2022 च्या ग्रेकालेमध्ये मधली वाट काढली: डॅशबोर्डच्या माथ्यावर गोल घर तेच ठेवलं, आत मात्र डिजिटल तबकडी टाकली. तिच्यावर काटेही दिसतात आणि होकायंत्रही. दिसायला छान आहे. घड्याळजीच्या दृष्टीने ते घड्याळाचं चित्र आहे.

तीन वेळा बघा

शोरूमच्या दिव्यात प्रत्येक घड्याळ सुंदर दिसतं, म्हणून तिथे निर्णय घेऊ नका.

पहिल्यांदा भर दुपारी बघा. तबकडीभोवतीची क्रोमची कडी ऊन पकडते आणि त्याचा ठिपका एकतर काचेवर पडतो नाहीतर थेट डोळ्यात जातो. गाडी दोन-तीन दिशांना वळवून बघा. चकाकी त्रास देत असेल तर घासलेल्या, मंद धातूची कडी हवी.

दुसऱ्यांदा रात्री. तबकडीचा उजेड मीटरच्या उजेडाशी जुळतो का? मीटर पांढरं आणि घड्याळ पिवळं असेल तर महिन्याभरात डोळ्याला खुपायला लागतं. मीटरचा उजेड कमी केल्यावर घड्याळाचाही कमी व्हायला हवा.

तिसऱ्यांदा ड्रायव्हरच्या सीटवरून, आणि इथे लोक फसतात. घड्याळ मध्यात, तुम्ही उजवीकडे. काटा तबकडीपासून थोडा वर असतो, त्यामुळे उजवीकडून बघताना तो डावीकडे सरकलेला दिसतो. काटा बाराजवळ असला की घड्याळ मागे वाटतं, सहाजवळ असला की पुढे वाटतं, आणि तीन किंवा नऊवर बरोबर वाटतं. एक गृहस्थ तक्रार घेऊन आले होते की घड्याळ अर्ध्या तासाला पळतं आणि तासाला मागे पडतं. मी त्यांना शेजारच्या सीटवर बसवलं आणि पुन्हा बघायला सांगितलं. पैसे घेतले नाहीत.

काटे तबकडीला जितके जवळ, तितका हा दोष कमी. रोमन आकड्यांचा मोह टाळा, एवढ्या लहान तबकडीत ते किड्यामुंग्यांसारखे दिसतात. साध्या बारा रेघा पुरतात. सेकंद काटा नकोच. हलणारी वस्तू नजर ओढते, आणि नजर रस्त्यावर हवी.

आवाजाचंही बघा. 1958 मध्ये डेव्हिड ओगिल्वीने रोल्स-रॉइसची ती प्रसिद्ध जाहिरात लिहिली: ताशी 60 मैलांच्या वेगातही गाडीतला सगळ्यात मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा असतो. ती गाडीची स्तुती होती. आजच्या गाडीत टिकटिक ऐकू आली तर ती स्तुती समजू नका, दुकानात आणा.

नसलेलं घड्याळ बसवायचं असेल तर

थोडं आतलं सांगतो, म्हणजे पैसे वाचतील. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या बहुतेक महागड्या गाड्यांचं घड्याळ स्वतः वेळ मोजत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरकडून डेटाच्या तारेवर वेळ येते आणि आतली इवलीशी मोटर त्याप्रमाणे काटे सरकवते. म्हणून अशा घड्याळाला चावी नसते, वेळ स्क्रीनच्या मेनूतून लावायची. काच काढून बोटाने काटे फिरवू नका. मोटरला वाटतं काटा एकीकडे आहे, तो असतो भलतीकडे.

याचाच अर्थ असा की कुर्ल्याच्या भंगारातून तेच घड्याळ स्वस्तात आणून बारा व्होल्ट दिले म्हणून ते चालणार नाही. वायरिंग लागतं, आणि घड्याळ आहे हे गाडीला कोडिंग करून सांगावं लागतं. हे काम माझं नाही, त्या गाडीचं सॉफ्टवेअर उघडणाऱ्या माणसाचं आहे. तो 'होतं' म्हणाला तर आधी त्याने तुमच्याच मॉडेलच्या, तुमच्याच वर्षाच्या गाडीत केलेलं दाखव म्हणा. शिवाय मधली पट्टीही बदलावी लागते, आणि खऱ्या लाकडाची पट्टी घड्याळापेक्षा महाग पडते.

चिकटवायचं घड्याळ? नको. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड साठ-सत्तर अंशांपर्यंत सहज तापतो. बहुतेक बटण-सेल साठपर्यंतच्या वापरासाठी बनवलेले असतात. डिंक त्याआधीच हार मानतो. एकांच्या गाडीत असं घड्याळ घसरत घसरत गिअरपाशी आलं आणि मागे चामड्यावर काळा ओघळ ठेवून गेलं. तो निघाला नाही. पण खरा धोका वेगळाच आहे. डाव्या बाजूच्या डॅशबोर्डखाली एअरबॅग असते. ती उघडते तेव्हा तिच्या झाकणावर चिकटवलेली वस्तू थेट शेजारच्या माणसाच्या तोंडावर येते.

यांत्रिक घड्याळाचा शौक

बेंटलीने बेंटायगासाठी ब्राइटलिंगचं टूरबियाँ घड्याळ (आतलं वेळ राखणारं चाक स्वतःच गोल फिरत राहतं असं यांत्रिक घड्याळ) देऊ केलं होतं, सोन्याचं, वर्षाला चारच, आणि किंमत जवळपास गाडीइतकी. त्याला चावी देण्यासाठी गाडी ते अख्खं घड्याळ अधूनमधून गोल फिरवते. लोक हसतात. मी हसत नाही. टूरबियाँचं पेटंट ब्रेगे नावाच्या घड्याळजीने 1801 मध्ये घेतलं ते खिशातल्या घड्याळाच्या काळात. खिशात घड्याळ दिवसभर एकाच बाजूला उभं राहतं, त्यामुळे गुरुत्वाकर्षणाची चूक एकाच दिशेने साठत जाते. बॅलन्सच, म्हणजे ते वेळ राखणारं चाकच, फिरता ठेवला की ती सगळ्या दिशांत वाटली जाते. मनगट तर सतत हलतं, तिथे त्याची फारशी गरज नाही. डॅशबोर्डवर मात्र घड्याळ पुन्हा उभंच राहतं. म्हणजे दोनशे वर्षांनी त्या यंत्राला त्याची खरी जागा मिळाली. ही माहिती तुमच्या काही उपयोगाची नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जुनं घड्याळ बंद पडलं असेल तर

जुन्या गाडीत बंद घड्याळ ठेवू नका, चालू करून घ्या. साठ-सत्तरच्या दशकांतल्या अनेक गाड्यांत घड्याळ अर्धं विजेचं, अर्धं स्प्रिंगचं असतं. स्प्रिंग एक-दोन मिनिटांत उतरते, मग आतले दोन संपर्कबिंदू टेकतात, विद्युतचुंबक झटका देऊन स्प्रिंग पुन्हा ताणतो आणि 'टक्' असा आवाज येतो. गाडीची बॅटरी मरायला आली की झटका पुरा बसत नाही. बिंदू टेकलेलेच राहतात, कॉइल तापत राहते आणि जळते. काही घड्याळांत यासाठी एक कच्च्या डागाचा, म्हणजे लवकर वितळणाऱ्या सोल्डरचा, सांधा ठेवलेला असतो; कॉइल तापली की तो वितळून वीज तोडतो. तो पक्क्या डागाने जोडू नका. तो मुद्दाम कच्चा आहे.

म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीची तार काढा. क्वार्ट्झ घड्याळाची भीती कमी आहे. पाच मिलिअँपिअर धरले तरी महिन्याला साधारण साडेतीन अँपिअर-तासच जातात. नंतरच्या क्वार्ट्झमध्ये बहुतेक वेळा वाळलेला कपॅसिटर निघतो. एका जुन्या जर्मन गाडीच्या घड्याळासाठी मालकांनी नव्याचा भाव विचारून आणला होता, तो ऐकून मीच खुर्चीत बसलो. कपॅसिटर तापकीर गल्लीत मिळाला, चहापेक्षा स्वस्त.

काढताना कडेच्या लाकडावर कागदी टेप लावा आणि प्लॅस्टिकचीच पट्टी घाला. स्क्रूड्रायव्हरने मी एकदा एक नखभर चरा पाडलाय आणि तो पॉलिश करून द्यायला माझी दोन दिवसांची कमाई गेली. तेल सुईच्या टोकावर मावेल एवढंच, तेही घड्याळाचं. शिवणयंत्राचं तेल उन्हाने चिकट होतं. दुरुस्त झालं की लगेच बसवू नका. गाडीत जसं तिरकं असेल तसं टेबलावर तिरकं ठेवून तीन दिवस चालवा, रोज सकाळी मोबाइलशी ताडून बघा.

आणि बसवताना तबकडीच्या दिव्याची तार जोडली का, ते पट्टी दाबण्याआधी बघा. मी एकदा विसरलो होतो. ती गाडी साताऱ्याहून परत आली, रात्री साडेआठला, आणि मालक गाडीतून उतरलेच नाहीत, नुसते काळ्या तबकडीकडे बोट दाखवून बसले.