यूकेत नवीन आलात आणि किडनीचा त्रास आहे? मग हे वाचाच

रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट काम करत नसली की वाढतं ते) वाढलेलं असेल आणि इंग्लंडला राहायला येताय तर घर लावायच्या आधी जीपीकडे (म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर) नाव नोंदवा. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून ते नाही म्हणू शकत नाहीत.

पुण्यात कसं, मनात आलं की नेफ्रॉलॉजिस्टची, म्हणजे किडनीच्या डॉक्टरची, अपॉइंटमेंट घेतली. एनएचएसमध्ये (इथली सरकारी आरोग्यसेवा) जीपीने रेफर केलं तरच स्पेशालिस्ट, सुरुवातीचा आजार जीपीच बघतो, रक्तातलं ईजीएफआर (किडनी किती काम करते ते) आणि लघवीतलं एसीआर (प्रथिन किती जातं ते) तपासून. आपले लोक लगेच म्हणतात इथले डॉक्टर काही करतच नाहीत, मला हे अजिबात पटत नाही. पाच वर्षांत डायलिसिस किंवा ट्रान्सप्लांट लागायची शक्यता ५ टक्क्यांच्या वर गेली की रेफर करायचं, असं नाइसच्या (उपचारांचे नियम ठरवणारी इथली संस्था) २०२१ च्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट लिहिलंय (बाकीही निकष आहेत). म्हणून भांडू नका, "माझी पाच वर्षांची रिस्क किती आली?" एवढं विचारा.

भारतातले रिपोर्ट आणा पण आकडे बघून घाबरू नका. तिकडचं १.४ क्रिएटिनिन इथे १२४ दिसतं, एकक वेगळं आहे, ८८.४ ने गुणायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जीपी आणि हॉस्पिटल एकमेकांशी बोलतच असतील असं कधीही, कधीही धरून चालू नका! ओळखीतल्या एका काकांची बीपीची गोळी हॉस्पिटलने बदलली, पत्र जीपीकडे गेलं, पण रिपीट प्रिस्क्रिप्शनमध्ये (नेहमीच्या औषधांची जीपीकडची यादी) जुनी तशीच राहिली आणि काका दोन्ही घेत बसले, शेवटी पोटॅशियम वाढून ॲडमिट व्हावं लागलं. म्हणून स्पेशालिस्टच्या प्रत्येक पत्राची कॉपी मागा, मग एनएचएस ॲपमध्ये रिपीटची यादी त्या पत्राशी ताडून बघा, फरक दिसला तर त्याच दिवशी सर्जरीला (जीपीच्या दवाखान्याला इथे असंच म्हणतात) फोन करा, तिथल्या फार्मासिस्टशी बोलायचंय सांगा, हे काम ते चांगलं करतात. आणि गावाहून आणलेल्या गोळ्या, भस्मं, काढे जीपी आणि हॉस्पिटल दोघांनाही सांगा, लाजू नका. गुडघे दुखतात म्हणून आयबुप्रोफेन तर विचारल्याशिवाय घेऊच नका.

आईबाबा व्हिजिटर व्हिसावर येणार असतील तर इन्शुरन्स काढा, जुना आजार त्यात धरलाय का बघून, कारण जीपी फुकट असला तरी त्यांना हॉस्पिटलचं बिल दीडपट दराने लागतं.

डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील तर जीपीकडून एफपी९२ए फॉर्म (औषधांचे पैसे माफ व्हायचा अर्ज) घ्या, मग सगळीच औषधं फुकट मिळतात, नुसत्या डायबेटिसची नाही.