दुसरा सर्व्हर घेतलात, पण तो खरंच वेगळा आहे का? या चुका टाळा

एक बंद पडला तर दुसरा चालेल म्हणून दोन सर्व्हर घेतले जातात. मग भर दुपारी यूपीएस बसतो आणि दोघेही एकदमच मान टाकतात, कारण दोघांच्या वायरी त्याच यूपीएसला! सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असूनही दोन्ही प्लग एकाच पट्टीत लावलेले मी पाहिलेत. कोटेशन मागवण्याआधी प्रत्येक वायर हातात धरून भिंतीपर्यंत जा. स्विच आणि इंटरनेटच्या लाइनचंही तेच. हे फक्त छोट्यांचंच होतं असं नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये डेल्टा एअरलाइन्सची विमानसेवा कोलमडली, तेव्हा सुमारे ७,००० पैकी जवळपास ३०० सर्व्हर बॅकअप वीजपुरवठ्याला जोडलेलेच नव्हते.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी भानगड म्हणजे दोघेही स्वतःला मालक समजू लागतात. कीपअलाइव्हडी (एक सर्व्हर पडला की दुसऱ्याला पुढे करणारा प्रोग्राम) वापरत असाल तर खूण सोपी आहे: दोन्ही मशीनवर तोच व्हर्च्युअल आयपी, म्हणजे एका वेळी एकाच सर्व्हरने धरायचा सामायिक पत्ता, दिसतो आणि ग्राहकाला साइट कधी लागते, कधी नाही. बहुतेकदा दोष फायरवॉलचा असतो. मुख्य सर्व्हर ‘मी चालू आहे’ हे दुसऱ्याला व्हीआरआरपीने कळवतो, आणि फायरवॉल नेमकं तेच अडवते. व्हीआरआरपी हा आयपी प्रोटोकॉल क्रमांक ११२ आहे, टीसीपी पोर्ट नव्हे. लोक ११२ नंबरचा पोर्ट उघडतात आणि तासभर कपाळाला हात लावून बसतात. क्लाउडवर मल्टिकास्ट (एकच संदेश अख्ख्या गटाला) सहसा चालत नाही, तिथे युनिकास्ट पीअर, म्हणजे समोरच्या सर्व्हरचा थेट पत्ता, लिहून द्यावा लागतो. दोन्हीकडे टीसीपीडम्प (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं साधन) लावून समोरच्याचं पॅकेट येतंय का, एवढं आधी बघा.

आयपीचा घोळ निस्तरता येतो, डेटाबेसचा फार महागात पडतो. दोघांनीही नोंदी घेतल्या तर खरं कोणाचं धरायचं? ऑक्टोबर २०१८ मध्ये गिटहब या कोड साठवण्याच्या सेवेचं नेटवर्क ४३ सेकंद तुटलं आणि सेवा पूर्ववत व्हायला २४ तासांहून जास्त लागले, कारण अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांवरच्या डेटाबेसमध्ये वेगवेगळ्या नोंदी पडल्या होत्या. म्हणून स्वयंचलित फेलओव्हर (एक पडला की काम आपोआप दुसऱ्याकडे जाणं) हवा असेल तर मालक कोण यावरच्या मतदानाला तिसरं मशीन ठेवा, साधं असलं तरी चालेल. तेवढी सोय नसेल तर फेलओव्हर माणसाच्या हातात राहू द्या. रात्री फोन आलेला परवडला.

रेप्लिकेशनला, म्हणजे प्रत्येक बदल लगोलग दुसऱ्या सर्व्हरवर उतरवण्याला, बॅकअप समजू नका. चुकून उडवलेलं टेबल दुसऱ्या सर्व्हरवरूनही क्षणात उडतं. आणि बॅकअप त्याच इमारतीत नको: मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपही तिथेच होते.

सर्व्हर चालू आहे का याची तपासणी नुसत्या पिंगवर (मशीनला ‘आहेस का?’ एवढंच विचारणं) सोडू नका. अॅप्लिकेशन गारठलं तरी मशीन पिंगला उत्तर देतंच. लॉगिनसारखं एखादं पान मागवून बघा. दोन्ही सर्व्हर रोज सत्तर टक्के भरलेले असतील, तर एकट्यावर १४० टक्के भार पडणार, हे गणित कोणीच मांडत नाही.

चाचणी म्हणजे शनिवारी संध्याकाळी, सगळ्यांना सांगून, मुख्य सर्व्हरची वायर खरोखर काढणं. ती परत लावताना जपा: जुना सर्व्हर उठल्या उठल्या आयपी हिसकावून घेतो, आणि तोवर त्याचा डेटा मागे पडलेला असतो. कीपअलाइव्हडीत नोप्रीएम्प्ट (आयपी हिसकावू नको, असा पर्याय) लिहा, पण दोन्ही सर्व्हरची सुरुवातीची स्थिती ‘बॅकअप’, म्हणजे राखीव, ठेवा. ‘मास्टर’ ठेवलीत तर नोप्रीएम्प्ट लागूच होत नाही.